किनाऱ्याखालचे गोडे पाणी

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसून सिंधुदुर्गाकडे निघालेला प्रवासी चहूबाजूंनी पसरलेले खारे पाणी पाहत किल्ल्यात पोहोचतो, आणि तेथील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचे गोडे पाणी चाखले की त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, की समुद्राने सर्व दिशांनी वेढलेल्या या खडकाच्या पोटात हे पाणी आले कोठून. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाची पायाभरणी करविली, तेव्हा बेटावर गोड्या पाण्याची सोय आहे ही गोष्ट जागेच्या निवडीत महत्त्वाची ठरली असलीच पाहिजे. कारण तट कितीही अभेद्य असला आणि दारूगोळा कितीही मुबलक असला, तरी पाण्यावाचून शिबंदी आठ दिवसही तग धरू शकत नाही. पुष्कळांना हा ईश्वरी चमत्कार वाटतो, तर कोणी मुख्य भूमीवरून समुद्रतळाखालून एखादी गुप्त शीर बेटापर्यंत आली असावी असा तर्क करतो. वस्तुस्थिती याहून साधी आणि माझ्या मते याहून अधिक विस्मयकारक आहे. हे पाणी त्या बेटावर पडलेल्या पावसाचे आहे. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर; त्यावर वर्षाकाठी दोन मीटरच पाऊस पडतो असे धरले तरी ३८ कोटी लिटरांहून अधिक पाणी एवढ्याशा बेटावर आकाशातून उतरते, आणि त्यातील जो अंश खडकाच्या भेगांत मुरतो तो खाऱ्या पाण्यात विरून न जाता त्याच्यावर तोलून राहतो.

हा तोल कसा साधतो हे समजावून घेतल्यावाचून किनाऱ्यावरील पाण्याचा प्रश्न समजत नाही. मिठामुळे समुद्राचे पाणी जड असते. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर सागरजलाची सुमारे १.०२५ भरते, आणि हा चाळिसाव्या हिश्श्याचा फरक किरकोळ दिसत असला तरी किनाऱ्यालगतच्या गावांचे पिण्याचे पाणी त्याच्यावरच अवलंबून आहे. वाळूत किंवा खडकात मुरलेले पावसाचे पाणी समुद्रसपाटीच्या जितके वर उभे असते, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत ते आपल्या भाराने खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरते. विहिरीची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर आदर्श परिस्थितीत तिच्याखाली चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर असतो. आणि हीच पातळी उपशाने अर्धा मीटर खाली उतरली, तर कालांतराने त्या थराचा तळ वीस मीटर वर येतो. प्रत्यक्षात खडकाची जडणघडण, भरती-ओहोटीची रोजची हालचाल आणि दोन पाण्यांच्या सीमेवर असणारा सरमिसळीचा पट्टा यांमुळे हिशेब इतका नेटका राहत नाही, हे खरे. परंतु त्याची दिशा बदलत नाही. देशावरच्या शेतकऱ्याला विहिरीत पाणी किती आहे एवढे पाहून भागते. किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र ते किती उंच उभे आहे हे पाहावे लागते, कारण त्या उंचीनेच समुद्राला थोपवून धरलेले असते.

या नियमाचा शोध ज्या प्रसंगाने लागला, तो आजच्या पर्यटनवादी काळात मुद्दाम स्मरावा असा आहे. हॉलंडच्या लष्करातील अभियंता बादोन घायबेन याने १८८८च्या सुमारास आम्स्टरडॅमजवळ विहीर खणण्याच्या विचारातून हा संबंध मांडला. आणि त्याच्या कामाशी काहीही परिचय नसताना हेर्झबेर्ग नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०१ साली तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला. हेर्झबेर्गच्या निबंधाचा विषय होता उत्तर समुद्राच्या काठावरील स्नानस्थळांचा पाणीपुरवठा. नॉर्डरनाय हे बेट १७९७ पासून समुद्रस्नानाचे ठिकाण म्हणून नावारूपास आलेले. तेथे उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना गोडे पाणी कोठून आणि किती द्यावे, या व्यवहारी विवंचनेतून किनारी भूजलाचे शास्त्र उभे राहिले. किनाऱ्यावर पाहुणा येणे आणि त्यासाठी भूमीखालच्या पाण्याची मर्यादा मोजावी लागणे, या दोन गोष्टी अशा आरंभापासून जोडलेल्या आहेत. आम्स्टरडॅमने पुढे आपल्या वालुकाटेकड्यांतून एवढे पाणी उपसले की खालून खारे पाणी चढू लागले, आणि अखेर १९५७ पासून ऱ्हाइन नदीचे पाणी आणून त्या टेकड्यांत मुरविण्याची तजवीज त्या नगरीला करावी लागली. श्रीमंत आणि शास्त्रसंपन्न नगरीला ते परवडले. आपल्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना ते परवडण्याजोगे नाही, म्हणून त्यांनी त्या टोकापर्यंत जाता कामा नये.

आता कोकण आणि गोवा यांच्या भूमीकडे वळू. पावसाच्या बाबतीत हा मुलूख भाग्यवान आहे. किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन ते तीन मीटर आणि सह्याद्रीकडे त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पण हे सारे दान जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पदरात पडते, आणि ते ठेवून घेण्याची भूमीची शक्ती बेताची आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत जागोजाग पसरलेले सडे जांभ्या दगडाचे आहेत. जांभा सच्छिद्र, त्यात बोटभर रुंदीच्या नळ्या आणि पोकळ्या असतात, आणि आषाढातला पाऊस त्यांतून झरझर खाली उतरतो. तळाशी चिकणमातीचा थर लागला की ते पाणी आडवे वाहू लागते आणि सड्याच्या उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. या झऱ्यांच्या आधारावरच कोकणातील वाड्या वसल्या, पाटाच्या पाण्यावर पोफळीची आगरे उभी राहिली, कित्येक देवरायांतील तळी भरली. परंतु जी पोकळी पाणी सहज घेते ती ते सहज सोडूनही देते. म्हणून तीन मीटर पाऊस पडलेल्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो, आणि घाटावरून आलेल्या माणसाला ही गोष्ट सांगितली तरी खरी वाटत नाही.

किनाऱ्यालगतच्या पुळणीत आणि तिच्यामागील वाळूच्या पट्ट्यात स्थिती वेगळी असते. तेथे चार-सहा मीटर खणले की पाणी लागते, आणि ते वैशाखापर्यंत टिकतेही. पण त्याच्याखाली समुद्र असतो. तारकर्लीच्या पुढे देवबाग नावाचे गाव आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी, आणि दक्षिणेस दोघांचा संगम. मध्ये काही ठिकाणी अगदी चिंचोळी होत गेलेली वाळूची पट्टी, तिच्यावर माडांची दाटी आणि त्या माडांखाली घरे. या पट्टीवर वरून पडणाऱ्या पावसाखेरीज गोड्या पाण्याचा भरवशाचा साठा नाही, आणि दोन्ही अंगांनी खारे पाणी त्याला लागून आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर येथे घरोघरी न्याहारी आणि निवासाची व्यवस्था उभी राहिली. ज्या कुटुंबांची गुजराण पूर्वी मासेमारीवर आणि मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर होत असे, त्यांना गावातच मानाने चार पैसे मिळू लागले. या स्थित्यंतराबद्दल मला मनापासून आनंद वाटतो, आणि म्हणूनच ज्या पाण्यावर ते उभे आहे त्याची काळजी वाटते.

काळजीचे पहिले कारण कालगणनेत आहे. नाताळची सुटी, होळीचा शिमगा आणि मे महिन्यातली शाळांची रजा हे पाहुण्यांच्या गर्दीचे दिवस, आणि भूमीखालचा गोडा थर ऑक्टोबरपासून उतरत उतरत मेमध्ये सर्वांत पातळ झालेला असतो. म्हणजे मागणी शिगेला पोहोचते त्याच महिन्यात साठा तळाला गेलेला असतो. त्यात चाकरमानीही त्याच दिवसांत घरी येतात आणि आंब्या-काजूच्या कलमांना पाणी लागते तेही तेव्हाच. दुसरे कारण मागणीच्या परिमाणात आहे. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत साध्या हॉटेलातील माणसामागे १८० आणि पंचतारांकित हॉटेलात ३२० लिटर धरावेत असे सांगितले आहे. म्हणजे एका पंचतारांकित पाहुण्याच्या एका दिवसात गावातील जवळजवळ सहा माणसांचा दिवस सामावलेला असतो. पोहण्याचा तलाव आणि वाळूवर हट्टाने वाढविलेली हिरवळ यांची गणना झाली की ही तफावत आणखी वाढते.

तिसरे कारण मला सर्वांत गंभीर वाटते, आणि ते पाणी काढण्याच्या पद्धतीत आहे. कोकणातील जुन्या विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा तो फिरवी, लहान रहाट माणूस पायाने चालवी, आणि गाडग्यांच्या माळेतून येणारे पाणी दोणीत पडून पाटाने माडांच्या आळ्यांकडे जाई. या व्यवस्थेत गती मंद होती, मध्ये विश्रांती होती, आणि विहीर उथळ असल्याने दुधावरची साय अलगद काढावी तसे वरवरचे गोडे पाणीच उचलले जाई. पातळी उतरली की गाडगी रिकामी येऊ लागत आणि उपसा आपोआप थांबे. विजेच्या पंपाला आणि खोल विंधण विहिरीला असा थांबा नाही. नळीचे तोंड गोड्या थराच्या तळाशी किंवा त्याच्याही खाली असते. पंप सुरू झाला की नळीभोवतीची पातळी खचते, वरचा भार हलका होतो आणि बरोबर त्या जागी खालचे खारे पाणी शंकूच्या आकाराने वर चढू लागते. शेजाऱ्याची विहीर अजून गोडी असते, आपली मचूळ होते. मग मालक आणखी खोल जातो, आणि जितका खोल जाईल तितका समुद्राच्या जवळ जातो.

हे बिघडणे किती थोडक्यात होते याचा हिशेब मुद्दाम मांडतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा उद्भव नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. याचा अर्थ असा, की शंभर घागरी गोड्या पाण्यात समुद्राच्या दोन घागरी मिसळल्या की पहिली मर्यादा ओलांडली जाते, आणि पाच-सहा मिसळल्या की दुसरी. आणि एकदा खारावलेला थर पुन्हा गोडा होण्यास एक पावसाळा क्वचितच पुरतो. वाळूत थोडा लवकर, चिकणमातीमिश्रित थरात अनेक वर्षांनी तो धुऊन निघतो. चेन्नईच्या उत्तरेस मिंजूर परिसरात अतिउपशामुळे समुद्र जमिनीखालून कित्येक किलोमीटर आत शिरला, आणि दशके लोटली तरी तो प्रश्न तेथील भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय राहिला आहे.

मग कायदा कोठे आहे, असे वाचक विचारील. कायदा आहे, किंबहुना अनेक आहेत, आणि त्यांतील विसंवाद हाच अर्धा रोग आहे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात असे गृहीत धरले आहे, की जमिनीखालचे जे पाणी निश्चित प्रवाहातून वाहत नाही ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व हवे तसे वापरण्याचा हक्क जमिनीच्या मालकाला आहे. ज्या काळी रहाटाने पाणी निघत असे त्या काळी या तत्त्वाने फारसे नुकसान झाले नाही. पण पाण्याचा थर सातबाराच्या हद्दी ओळखत नाही. दहा गुंठ्यांच्या मालकाने दहा अश्वशक्तीचा पंप लावला, तर तो वाडीचे सगळे पाणी आपल्या हद्दीत ओढून घेतो आणि तरीही कायद्याने निर्दोष राहतो. महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला आणि त्याच्या जागी २००९ चा अधिक व्यापक कायदा केला, त्याचा अंमल २०१४ पासून सुरू झाला. गोव्याने २००२ मध्ये स्वतःचा भूजल नियमन कायदा संमत केला. यांहून जुनी आणि किनाऱ्यापुरती सर्वांत नेमकी तरतूद मात्र १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेत होती, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. भरतीच्या उच्चतम रेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास तिने मनाई केली, आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात पिणे, बागायत, शेती व मत्स्यव्यवसाय यांसाठी साध्या विहिरीतून हाताने काढलेल्या पाण्यासच मुभा दिली. २०११ च्या अधिसूचनेने स्थानिक वस्तीच्या वापरास सवलत देऊन हा नियम चालू ठेवला. ज्यांनी तो लिहिला त्यांना हाताने उपसलेले पाणी आणि यंत्राने उपसलेले पाणी यांतील अंतर नेमके कळले होते. किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे या तरतुदीची अंमलबजावणी करणारी कचेरी कोणती, तलाठ्याच्या दफ्तरात विंधण विहिरींची नोंद आहे काय, आणि त्या विहिरींची खोली कधी कोणी तपासली आहे काय, हे प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

खारेपणाइतकाच दुसरा शत्रू मैल्याचा आहे. पुळणीतल्या वाळूत पाणी उथळ असते, आणि जांभ्यातल्या नळ्यांतून ते गाळल्यावाचून वाहते. अशा भूमीत घरटी दोन माणसांसाठी बांधलेल्या सेप्टिक टाकीवर हंगामात वीस पाहुण्यांचा भार पडला, की शोषखड्ड्यातले पाणी शेजारच्या बावीत पोहोचायला फार दिवस लागत नाहीत. नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते पाणी तान्ह्या मुलांना घातक ठरते, आणि नायट्रेटला ना रंग ना चव. बाटलीतले पाणी पिणाऱ्या पाहुण्याच्या हे लक्षातही येत नाही; ते पाणी वर्षभर पिणारे असतात ते घरचे लोक. म्हणून पाणी किती काढले याची जशी मोजदाद हवी, तशीच काढलेले पाणी कोणत्या अवस्थेत परत जमिनीत गेले याचीही हवी. शुद्ध केलेले सांडपाणी बागेला घातले तर उपसा कमी होतो आणि जमिनीवरचा भारही हलका होतो.

जुन्या लोकांनी समुद्राला अडविण्याची जी व्यवस्था केली होती तिचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण ती मोडत असताना तिचे मोल आपण केवळ भाताच्या खंडीत मोजीत आहो. गोव्यातील खाजणे आणि कोकणातील खारजमिनी हे खाडीच्या काठाने मातीचे बांध घालून मिळविलेले क्षेत्र. बांधात मानस नावाची पाणवाट असे. तिची लाकडी दारे ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ देत आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटून खारे पाणी बाहेर रोखीत. गोव्यात हा सारा बंदोबस्त गावकरी या ग्रामसंस्थेकडे असे आणि बांध फुटला तर रात्री-अपरात्री सारा गाव धावे. पावसाळाभर या शेतांत गोडे पाणी उभे राहिल्याने मागच्या वाड्यांच्या विहिरींना समुद्रापासून एक पडदा मिळत असे. शेती तोट्याची झाली, कुळे शहरात गेली, बांध ढासळले, आणि खारे पाणी शेतात येऊन बसले. त्यानंतर काही वर्षांनी मागच्या विहिरी मचूळ झाल्या, तेव्हा दोष पर्जन्यमानाला दिला गेला. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांचीही तीच गत. मर्यादवेल आणि केवड्याने बांधून धरलेल्या या टेकड्यांत पावसाचे पाणी समुद्रसपाटीच्या वर उचलून धरले जाते. समुद्राचे दर्शन मोकळे व्हावे म्हणून त्या सपाट केल्या, की दर्शन मोकळे होते आणि त्यांनी उचलून धरलेल्या पाण्याची उंचीही त्यांच्याबरोबर जाते. सड्यावरच्या चिरेखाणीही या हिशेबात धरल्या पाहिजेत, कारण ज्या जांभ्यात झऱ्याचे पाणी साठत असे तोच चिऱ्यांच्या रूपाने कापून हॉटेलांच्या भिंतींत जातो.

उपायांचा विचार करताना एक सावधगिरी बाळगावी असे मला वाटते. देशावर दुष्काळाशी झुंजताना जे उपाय सिद्ध झाले, तेच जसेच्या तसे कोकणात आणण्याची प्रवृत्ती दिसते. छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडले की कर्तव्य झाले, असे मानले जाते. पण कोकणातील भूमी जुलैअखेर बहुतेक ठिकाणी काठोकाठ भरलेली असते. त्यानंतर खड्ड्यात सोडलेले पाणी मुरण्यास जागाच नसते आणि ते नाल्यावाटे समुद्राला मिळते. येथे उणीव मुरण्याची नाही, थांबण्याची आहे. म्हणून पहिला मान साठवणीच्या टाकीला द्यावा. शंभर चौरस मीटर छपरावर दोन मीटर पावसाचे दोन लाख लिटर पाणी उतरते. त्याचा चौथा हिस्सा जरी झाकलेल्या टाकीत राखला, तरी पाच खोल्यांच्या निवासाला मे महिन्याच्या कठीण दिवसांत स्वयंपाकाला आणि पिण्याला विहिरीकडे पाहावे लागणार नाही. सह्याद्रीतील गिरिदुर्गांवर खडकात कोरलेली टाकी हेच सांगतात. दुसरा मान ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील कच्च्या बंधाऱ्यांना. पाऊस थांबला पण ओहोळ अजून वाहताहेत, अशा दिवसांत सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून गावकऱ्यांनी घातलेला वनराई बंधारा, वाहून जाणारे पाणी ओढ्याच्या पात्रात महिना-दोन महिने अडवून भोवतालच्या विहिरींना उभे राखतो. याला खर्च थोडा, पण गावाची एकजूट लागते, आणि ती दरवर्षी नव्याने करावी लागते.

टँकरच्या उपायाविषयी मात्र मनात शंका येते. किनाऱ्यावरच्या हॉटेलाला टँकर मिळाला की तेथला प्रश्न सुटला असे वाटते; प्रत्यक्षात आतल्या एखाद्या गावाची बाव त्यासाठी रात्रीतून उपसली गेलेली असते, आणि त्या गावाला पर्यटनाचा एक पैसाही मिळत नाही. पाणी विकणारा आणि विकत घेणारा दोघेही राजी असतात. ज्यांच्या विहिरी आटतात त्यांना कोणी विचारलेले नसते.

या सर्वांच्या मुळाशी मोजणी नसणे हे आहे. गोवा विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ ए. जी. चचडी आणि पोर्तुगालमधील जे. पी. लोबो-फेरेरा यांनी २००१ मध्ये किनारी भूजलाला खाऱ्या पाण्याचा धोका किती हे ठरविण्याची एक पद्धत मांडली. तीत थराचा प्रकार, त्याची वाहकता, पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, किनाऱ्यापासूनचे अंतर, आज आढळणारा खारेपणा आणि थराची जाडी या सहा गोष्टींना गुण देऊन नकाशा काढला जातो. गोव्यातील बार्देस तालुक्यात ती वापरली गेली आणि पुढे परदेशांतील किनाऱ्यांनीही ती स्वीकारली. आपल्याच भूमीत जन्मलेली ही रीत आपल्या ग्रामपंचायतींच्या कामकाजात मात्र अजून रुजू झालेली नाही. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अनेक दशके निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवीत आली आहे. तथापि या विहिरी विरळ आहेत, आणि शंभर पावलांवर पाण्याची चव बदलणाऱ्या पुळणीत त्या पुरेशा पडत नाहीत.

गावाने करण्याचे काम येथून सुरू होते, आणि त्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. वाडीतील आठ-दहा विहिरी निवडाव्यात, त्यांच्या कठड्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची भूमापकाकडून एकदाच काढून घ्यावी, आणि पुढे दर पंधरवड्याला दोरी सोडून पातळी व हातात मावणाऱ्या मापकाने पाण्याची विद्युतवाहकता मोजून ती शाळेच्या किंवा पंचायतीच्या वहीत लिहावी. क्षार वाढला की वाहकता वाढते, त्यामुळे जिभेला मचूळपणा कळण्याच्या पुष्कळ आधी आकडा बोलू लागतो. दोन-तीन उन्हाळ्यांत प्रत्येक वाडीची मर्यादा कागदावर येईल. ज्या वाडीची पातळी मे महिन्यात समुद्रसपाटीशी येऊन टेकते, तेथे नव्या खोल्यांना आणि नव्या पंपाला परवाना देण्यापूर्वी ग्रामसभेने ती वही मागवावी. आणि ज्या मालकाने पावसाच्या पाण्याची टाकी बांधली, मैल्याची नीट व्यवस्था केली आणि आपल्या पंपाला मापक बसविला, त्याचा अर्ज आधी विचारात घ्यावा. ही वही ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचली गेली, तर हंगामाचे पाहुणे येण्यापूर्वी बंधारे घालायला निदान सहा आठवडे हाती राहतात.